शिवलेली चुंबळ

भोरहून वेल्ह्याकडे आता एसटी जाते. खिडकीपाशी बसून शेंगा सोलत जाणाऱ्याला त्या वाटेत सांगण्यासारखं काय आहे, असं वाटेल. मी गेले ती स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यात. थोडी सर्व्हिस मोटारीतून, थोडी बैलगाडीतून आणि उरलेली वाट पायी. राजगड बघायला गेले नव्हते; राजगड मी दोन्ही वेळा खालूनच पाहिला. एका बाईकडे माझं एक काम राहिलं होतं, आणि ते चार वर्षं राहिलं होतं.

भोर

मी शिंप्याची मुलगी. बी. ए. झाले. ही दोन वाक्यं मी अजूनही कुणी न विचारता सांगते, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, मराठी तिसरीपर्यंत शिकलेले. आईला तेवढंही नाही. माझा निकाल लागल्यावर आप्पांनी दुकानात सांगायला सुरुवात केली ती थांबेचनात. गिऱ्हाईक बाहीच्या मापाला हात पुढं करी आणि आप्पा टेप धरून म्हणत, "आमची सुमन बी. ए. झाली बरं का. हं, आता हात खाली करा."

दुकान बाजारपेठेत होतं. पुढं मशीन, मागं कपाट, आणि मशीनखाली माझी जागा. लहानपणी मी तिथं बसून चिंध्या गोळा करायची. मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या खाकीचा मिळून एक वास असतो; तो आला की मला आजही भोर आठवतं. खाकी आमच्याकडे बारा महिने असायची. संस्थानचे शिपाई असोत की इंग्रजी हद्दीतले पोलीस, पाटलोण उसवली की आप्पांकडेच येत. "राज्य कुणाचं का असेना, शिवण आपली," असं आप्पा म्हणत.

आणि राज्य काही फक्त पुरुष चालवत नव्हते. मी मराठी चौथीत असताना आमच्या शाळेत बक्षीस वाटायला एका साहेबाची मडम आली होती. फिकट निळा झगा, हातात जाळीचे मोजे. मी इंग्रजी कविता घडाघडा म्हटली. तिनं माझा गाल कुरवाळून मला सुया टोचायची मखमली गादी दिली. त्या गादीचा मला इतका अभिमान होता की तिच्यात सुई टोचायला मी आईला कधी दिली नाही. राज्याचा हात असाही असतो, मऊ, जाळीचा मोजा घातलेला. दुसराही एक हात मी पुढं पाहिला. त्याचीच ही हकिगत.

बी. ए. झाल्यावर मी दिवाळीला घरी आले. आप्पा काज करता करता सहज बोलले, "त्या राजगडाकडची एक बाई चोळ्या शिवून घ्यायला आली होती. सांगत होती, बेचाळीस साली पोलिसांसाठी बायकांची झडती घेणारी एक सगुणाबाई त्यांच्या वाडीत आहे. अजून तिच्या हंड्याला कुणी हात लावत नाही. अर्धा हंडा भरते आणि एकटी उचलते म्हणे."

माझ्या हातातला लाडू हातातच राहिला.

आता ती बेचाळीसची गोष्ट सांगते. पुण्याच्या वसतिगृहात ती मी पुष्कळदा सांगितली आहे. चळवळ सुरू झाली, कॉलेजं बंद पडली आणि मी भोरला परत आले. आमच्या गटाकडून पत्रकं यायची, सायक्लोस्टाइलवर काढलेली. ती वेल्ह्याच्या बाजूला पोचवायची होती. मुलगे वाटेत धरले जात होते. मी म्हटलं, मी नेते. मावशीचं लुगडं नेसले, कांद्यांची पाटी घेतली आणि पत्रकं चुंबळीत दडवली. डोक्यावर ओझ्याखाली कापडाची जी वळी ठेवतात ती चुंबळ. पाटी उपसून बघतील, ओटी झाडायला लावतील, पण डोक्यावरची चुंबळ कोण बघतंय! नदीच्या उतारावर, जिथून पायी पलीकडे जाता येतं तिथं, पोलिसांचा नाका होता. तिथून मी पार झाले, आणि वर हवालदारानंच ती पाटी माझ्या डोक्यावर चढवली!

इथं मैत्रिणी टाळ्या वाजवायच्या, आणि मी थांबायची.

आता खरी सांगते. चुंबळ मी शिवली होती. नुसत्या गुंडाळलेल्या फडक्यातून कागद निसटत होते, आणि शिंप्याच्या मुलीला उघडी कड बघवत नाही. आप्पा जेवायला गेले तेवढ्यात मी कापड दुमडून मशीनवर सरळ टीप मारली, वरून दुसरीही मारली. मशीनला दोरा होता तो खाकी. जगात कुणी चुंबळ शिवत नाही. जुनेराचा तुकडा पिळायचा, डोक्यावर ठेवायचा, काम झालं की त्यानंच घाम पुसायचा. हे मला ठाऊक नव्हतं, कारण आमच्या घरी पाणी आई भरायची आणि मी अभ्यास करायची.

बायकांची झडती पुरुषांनी घ्यायची नाही, म्हणून पोलिसांनी जवळच्या वाडीतली एक बाई आणून बसवली होती. तरटाचा आडोसा केला होता. बाहेर शेकोटी. तिनं मला आत घेतलं. तिच्या हातांचं मला पहिल्यांदा नवल वाटलं ते हे, की ते ऊन होते. कार्तिकातली थंडी, माझे दात वाजत होते, आणि तिचे हात ऊन. तिनं ओटी पाहिली, निऱ्या पाहिल्या, मग चुंबळ हातात घेतली. अंगठा त्या शिलाईवरून फिरवला. आत कागद कुरकुरला.

"चुंबळीला शिलाई कोन घालतं गं?" ती हळूच म्हणाली.

मी पदर सावरला.

तिनं दोऱ्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. "ह्यो तर हवालदाराच्या पाटलोणीचा दोरा." मग आपल्या जुनेराची एक पट्टी टर्रकन फाडली, त्या चुंबळीभोवती गुंडाळली, शिलाई दिसेनाशी केली, ती माझ्या डोक्यावर ठेवली आणि बाहेर येऊन खणखणीत म्हणाली, "काय न्हाई, कांदं हायती निस्तं. हवालदारसायेब, पाटीला जरा हात लावा. पोर नाजूक हाय."

आणि हवालदारानं हात लावला.

ही बाई मी पुण्यात कधीच सांगितली नाही. आधी भीती होती. तिचं नाव फुटायला नको. पुढं भीती सरली, पण तोवर गोष्ट तिच्यावाचून चांगली बसली होती. टाळ्या मला मिळत होत्या. याहून दुसरं कारण शोधून मला सापडलेलं नाही.

आप्पांना त्या दिवशी मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काज पुरं केलं. मग दोरा दातांनी तोडला आणि म्हणाले, "खाकीचं रीळ बसल्या जागी उतरलं तेव्हाच मला शंका आली होती." थोड्या वेळानं म्हणाले, "एवढी शिकलीस. हातानं कच्चा दोरा घालायचं सुचलं नाही?" आणि निघण्याच्या दिवशी पहाटे तेच मला मोटारस्टँडवर पोचवायला आले.

ती चुंबळ, वरच्या पट्टीसकट, माझ्या ट्रंकेत होती. पत्रकं मी तेव्हा एका टोकाशी कात्रीनं कापून काढली होती, टीप तशीच राहिली होती. ती पिशवीत घेतली.

कापूरहोळ ते मार्गासनी

मोटार कापूरहोळपर्यंत. लढाई संपली होती तरी पेट्रोलच्या टंचाईत मोटारीच्या पाठीला बसवलेली कोळशाची भट्टी तशीच होती. चढ आला की मोटार दमायची, उतारू उतरायचे, चढ चढून गेल्यावर पुन्हा बसायचे. पुढं नसरापुरापर्यंत पायी गेले. तिथं एका म्हाताऱ्या गाडीवानानं पेंढ्यावर बसायला जागा दिली.

"देवी काढाय आलाय व्हय?" त्यानं माझ्या पिशवीकडं बघून विचारलं.

"नाही हो. मी भोरची. शिंप्याची मुलगी."

"मंग पायात चपला अन् डोळ्याला चष्मा कशापायी?"

"शिकले मी. बी. ए. झाले."

त्यानं बैलांच्या शेपट्या पिळल्या. बराच वेळ विचार केला. "मंजी देवी काढता यील की."

खरंच, दोन ठिकाणी मला बघून मायलेकरं घरात पळाली आणि दारं लागली. पाचवारी पातळ, चष्मा, हातात पिशवी, म्हणजे दंडाला टोचणारी बाई, एवढीच शिकलेल्या बाईची त्या खोऱ्यात ओळख होती. मला आधी हसू आलं. मग वाटलं, यांच्या दारात बाई येते ती एक तर टोचायला, नाही तर झडती घ्यायला. यांनी दार का उघडावं?

भात निघाला होता. खाचरं कोरडी, फुटलेली. कडेला पेंढ्याच्या उडव्या. खळ्यांवर आंबेमोहोर वाऱ्यावर देत होते आणि कोसभर वास सुटला होता. त्या वासानं भूक लागते, पण ती पोटाची नव्हे. आईच्या स्वयंपाकघराची भूक. डावीकडे राजगडाचा बालेकिल्ला धुक्यातून वर निघाला होता, जसा एखादा माणूस घोंगडीतून डोकं बाहेर काढतो.

मार्गासनीच्या अलीकडे मी गाडीतून उतरले. गाडी पुढं वेल्ह्याला जाणार होती, माझी वाट वेगळी. दहा पावलं गेले नाही तोच हाक आली, "ए बाय, हात लाव गं!"

लाकडांची मोळी जमिनीवर, बाजूला एक बाई कमरेवर हात ठेवून उभी. मी पिशवी खाली ठेवली. मोळीचं एक टोक धरलं, तिनं दुसरं, आणि "हं" म्हणून मोळी तिच्या डोक्यावर गेली. पण माझ्या बाजूनं ती इतकी कलली की तिला दोन पावलं नाचावं लागलं.

"जोर न्हाई गं तुज्यात! घरी पानी कोन भरतं?"

"पुण्याला नळ आहे."

"मंग बरं हाय," असं म्हणून ती मान ताठ ठेवून निघूनही गेली.

पुण्याच्या स्टेशनवर हमाल आधी किती देणार ते विचारतो. इकडं तसं नाही. वाटेवर कुणीही, ओळखीचं नसलं तरी, "हात लाव" म्हटलं की लावायचाच. घोड्यावरून चाललेला पाटीलसुद्धा उतरतो. नाही म्हणायची सोय नाही. एकच अट: मागावं लागतं. न मागता कुणी हात लावत नाही, कारण तसं करणं म्हणजे तुला झेपत नाही असं तोंडावर म्हटल्यासारखं. चार वर्षांपूर्वी सगुणाबाईनं हवालदाराला पाटी उचलायला लावली, तेव्हा तो मुकाट्यानं का वाकला, हे मला त्या मोळीपाशी कळलं. अंगावर खाकी होती, पण आई कुठल्या तरी अशाच वाडीतली असणार.

उतार

नदीवरचा तो उतार मी लगेच ओळखला. नाका गेला होता. तरटाच्या आडोशाची एक मेढ तेवढी वाकून उभी होती, आणि तिच्यावर कुणी तरी धुतलेली कुंची वाळत घातली होती.

पाणी गुडघ्याखाली. मी पातळ वर धरलं, ऐटीत पाऊल टाकलं, आणि शेवाळलेल्या दगडावरून बसकण मारली. उठेपर्यंत उजवी चप्पल पंधरा हात पुढं गेली होती. मी तिच्यामागं दोन पावलं गेले आणि नाद सोडला.

पलीकडच्या काठावर एक बाई म्हशी धूत होती. तिनं सगळं शांतपणे पाहिलं.

"एक पायात अन् एक पान्यात, ही पुन्याची फ्याशन म्हनायची का?"

"धरायची तरी होती!"

"मी म्हशी धरू का तुझी चप्पल? ये वर. कुनाकडं आलीस?"

अशी माझी ठकूबाईची ओळख झाली. पस्तिशीची असेल. काळी, उंच, कपाळावर ठसठशीत गोंदण. मी बेचाळीसच्या दिवसांत या बाजूला पत्रकं आणली होती, एवढंच सांगितलं, तर तिचा चेहराच पालटला.

"अगं, मंग आधी बोलायचं न्हाई का! मी बी आनली व्हती. धरली मला. तीन म्हैनं येरवड्यात व्हते," ती म्हणाली. हे सांगताना तिचा आवाज अगदी माझ्या 'बी. ए. झाले'सारखा निघाला, आणि मला ती फार आवडली. "चल, माज्याकडंच उतरायचं. आमच्या वाडीला राजगडाच्या सावलीचं गार पानी हाय."

वाडीचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. पालीच्या अलीकडं आहे, एवढं पुरे. अनवाणी चालताना तिनं मला आपली धरपकड सांगितली. उतारावरच धरलं. ओटीत शेंगा, शेंगांच्या खाली पत्रक. "ती बसली व्हती ना, झडतीवाली. वटी सोडली माजी. समदं भुईवर. कागुद बी." तिनं नाव घेतलं नाही. वाटेवर थुंकली आणि पुढं चालू लागली.

वाडी

नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, ओल्या मिरचीचा ठेचा. भाकरी इतकी पातळ आणि इतकी मोठी की ताटात मावेना. आमच्याकडे भोरला पाहुण्याला नाचणी वाढत नाहीत, लाज वाटते. इथं ती अशा काही मानानं वाढली की मी तीन खाल्ल्या. ठकूबाई समोर बसून मला जेवताना बघत होती.

"आता सांग, आलीस कशाला?"

"सगुणाबाईंना भेटायला."

मग तिनं माझ्या ताटात आणखी पिठलं घातलं. "जेव आदी," एवढंच म्हणाली आणि चुलीकडं वळली.

सगुणाबाईचं घर वाडीच्या टोकाला. ती अंगणात हुलगे निवडत होती. केस पांढरे झाले होते. तिनं मला ओळखलं नाही. मी काही न बोलता पिशवीतून चुंबळ काढून तिच्या पुढं ठेवली. तिनं आपली पट्टी ओळखली. ती उलगडली. आतली शिलाई दिसली तशी अंगठा तिच्यावरून फिरवला, अगदी तेव्हासारखा.

"शिलाईवाली!" ती हसली. पुढचे दोन दात नव्हते. "अजून उसवली न्हाई गं."

मी तिला मावशी म्हणू लागले. आपोआपच तोंडातून आलं. मी विचारलं, "मावशी, तुम्ही ते काम घेतलंत कसं?"

"म्या कुठं घेतलं? पाटलानं नाव दिलं. धनी त्या सालीच गेलं व्हतं. ज्यांच्या घरात बाप्या व्हता त्यांनी न्हाई म्हनलं. माज्या घरात न्हाई म्हनाय कोन व्हतं?" ती हुलग्यांतले खडे वेचत राहिली. "दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा, लई वंगाळ काम. म्या आधी शेकोटीवर हात ऊन करायची. थंड हात लागला की बाई दचकती. दचकली की हवालदाराला वाटतं, काय तरी हाय."

म्हणजे ते ऊन हात चुकून ऊन नव्हते.

"किती जणींना सोडलंत?"

"मोजलं न्हाई. पर तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिशी त्यो कागुद वेल्ह्याच्या चावडीवर चिकटला. सायबानं हवालदाराला फैलावर घेतलं. त्यानं मला. दोन दात तवाच गेलं." हे तिनं हुलग्यांइतक्याच साधेपणानं सांगितलं. "मंग त्यो आडोशात येऊन माज्या खांद्याशी हुबा ऱ्हाऊ लागला. तोंड फिरवून हुबा ऱ्हातो म्हनायचा, पर नजर हातावर. त्यातच ठकी आली. वटी सोडली न्हाई तर त्यो सोडनार. म्या सोडली."

तिनं एक खडा अंगणाबाहेर फेकला.

"ठकी माज्या चुलत दिराची सून. मला आत्याबाई म्हनायची. धनी व्हते तवा, तिच्या लग्नात तिची वटी म्याच भरली व्हती. अन् म्याच रिकामी केली. तिचं चुकत न्हाई."

मी म्हटलं, मी आजच सगळ्यांना सांगते.

"नगं. त्या तुला बी जेवाय वाढायच्या न्हाईत. आता माज्या मानंला अर्ध्या हंड्याची सवं झालीया."

"तुमची गोष्ट नाही सांगत मावशी. माझी सांगते."

दिवे लागताना ठकूबाईच्या ओसरीवर पाच-सहा बायका जमल्या, शिकलेली बाई बघायला. मी आधी वसतिगृहातली गोष्ट सांगितली. हवालदार वाकून पाटी उचलतो तिथं त्या इतक्या हसल्या की एकीनं डोळ्याला पदर लावला. कुठल्याही सभेत मला इतकं हसू मिळालं नव्हतं. तिथंच थांबायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू.

मग म्हटलं, "मी पकडले गेले होते." आणि शिलाई, दोरा, फाडलेली पट्टी, सगळं सांगितलं. चावडीवरचा कागद सांगितला, आणि दातही सांगितले.

कुणी हसलं नाही. ठकूबाई भिंतीला टेकून बसली होती.

"तू कवा गेलीस?"

"कार्तिकात. तुळशीच्या लग्नाच्या आधी."

"मी घावले लग्नाच्या मागनं, आठ दिसांनी." ती बोटांवर मोजत होती, पण माझ्याकडं बघत. "मंजी तू सुटलीस म्हनून त्यो मुडदा तिच्या खांद्याशी आला."

"होय."

"अन् म्हनून मी येरवड्यात."

"होय."

"अन् तू पुन्यात टाळ्या घेतल्यास."

"घेतल्या."

ती उठली. "भात उतू चाललाय," म्हणाली आणि आत गेली. भात उतू जात नव्हता. चूल माझ्या जागेवरून दिसत होती. बायका एकेक करून उठल्या. त्या संध्याकाळी मला जेवायला वाढलं, पण ठकूबाई समोर बसली नाही.

बी. ए.च्या परीक्षेत मी कुठल्याही प्रश्नाला इतकी थोडकी उत्तरं दिली नव्हती, आणि इतकी खरीही नाही.

झरा

सकाळी ठकूबाईनं मला हलवलं. "चल. गार पानी बघायचं व्हतं ना?"

झरा वाडीच्या वर, उंबराखाली. दगडी कुंडी, तिच्यात बोटभर जाड धार. बायका हंडे भरत होत्या, "लाव गं", "धर गं" चाललं होतं. हात लावायचा, हंडा चढायचा, चालू पडायचं. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं आणि सगळ्या बघत होत्या. ठकूबाईचा हंडा केव्हाच भरला होता. ती तो बाजूला ठेवून दगडावर बसून राहिली आणि पायाचे घोटे घासू लागली. इतके घोटे कुणी घासत नाही.

गर्दी सरल्यावर सगुणामावशी आली. तीच तिची रोजची वेळ असणार. डोक्यावर चुंबळ होती, माझी, खाकी शिलाईची. तिनं हंडा कुंडीखाली ठेवला. अर्ध्यावर आल्यावर सवयीनं बाजूला ओढला.

"झऱ्याचं पानी आटलं व्हय?" ठकूबाई घोट्याकडं बघत म्हणाली.

मावशी वळली नाही.

"इचारतीया मी. पानी आटलं का?"

"न्हाई."

"मंग भरा की पुरा."

मावशीनं हंडा पुन्हा धारेखाली सरकवला. तो भरायला किती वेळ लागला! राहिलेल्या दोघी जणी आपले हंडे डोक्यावर घेऊन तशाच उभ्या होत्या. ओझं डोक्यावर असताना कुणी उभं राहत नाही. हंडा भरला, काठावरून वाहू लागला. मावशीनं तो ओढून दगडावर ठेवला आणि त्याच्याकडं बघत राहिली.

मला राहवेना. मी पुढं झाले.

"तू मदी पडू नगंस," ठकूबाई म्हणाली. "तुज्यात जोर न्हाई, समद्या खोऱ्याला ठावं झालंय." मग मावशीकडं न बघताच, "मागा की. न मागता कोन हात लावतं? मला काय मनातलं कळतं?"

चार वर्षं मावशीनं कुणाला हाक मारली नव्हती. डोक्यावरची चुंबळ तिनं उगाच नीट केली. हात पदराला पुसले, एकमेकांवर चोळले, ऊन केले.

"ठके," ती म्हणाली. "हात लाव गं."

ठकूबाई उठली. दोघींनी वाकून हंडा धरला आणि एका दमात तो वर गेला. कलला नाही, हलला नाही.

"जड हाय की, आत्याबाई," ठकूबाई म्हणाली आणि आपल्या हंड्याकडं वळली.

मावशी चालू लागली. उतरणीच्या पहिल्या पावलाला थोडं पाणी हिंदकळलं आणि चुंबळीवर सांडलं. माझी ती दुहेरी टीप काळी ओली झाली. मावशीनं ते पुसलं नाही, हंडाही धरला नाही. दोन्ही हात तिनं सोडून दिले होते, आणि ते चालीबरोबर हलत होते.